पीटीचा तास

महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ म्हणून छापला जाणारा, पण मुलांच्या आणि शिक्षकांच्याही तोंडी ‘पीटी’च असलेला तास. दहावीला या विषयाला गुण नाहीत, श्रेणी आहे. त्यामुळे गणिताचा भाग राहिला की पहिला बळी याच तासाचा जातो. तरी आठवी ते दहावीच्या मुलांचे आपसांतले वागणे घडवण्यात दुसऱ्या कुठल्या तासाला त्याची सर नाही. वर्गात बाकावरची जागा बाई ठरवून देतात. मैदानावर कोण कोणाचा, हे मुलेच ठरवतात आणि तेही चारचौघांत.

सुरुवात गडी वाटण्यापासून होते. दोन कप्तान आळीपाळीने भिडू मागू लागले, की शेवटी उरलेल्याला वर्गातली आपली किंमत सर्वांदेखत कळते. जुनी रीत याहून शहाणी होती. बरोबरीचे दोघे बाजूला जाऊन गुपचूप टोपणनावे घेत, खांद्यावर हात टाकून परत येत आणि कप्तानाने नुसते नाव मागायचे. कोण कुठे जाणार हे नशिबावर. नको असलेला म्हणून कोणी उरत नसे. कच्च्या गड्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेण्याची सोयही आपल्याकडचीच. तो खेळतो, पण बाद होत नाही. चौदाव्या वर्षी मात्र हीच सवलत झोंबते.

खो-खोची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पाठलाग करणाऱ्या नवांपैकी आठ जण एकाआड एक उलटसुलट तोंडे करून बसलेले. पाठलाग करत धावणाऱ्या नवव्याला माघारी वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसताही येत नाही. पळणारा गडी पलीकडे निसटला, की बसलेल्याच्या पाठीवर हात टेकवून ‘खो’ द्यावाच लागतो. जिवलग मित्र चार चौकोन लांब असेल, तर भांडण झालेल्या मुलालाही द्यावा लागतो. खो मिळण्याआधी उठला तर फाउल. वर्गातल्या सर्वांत चपळ पोराला ‘एकट्याने होत नाही’ हे इथे न शिकवता कळते.

मुलींची गोष्ट निराळी. वयात येताना काही जणी हळूहळू मैदानाच्या कडेला, झाडाखाली सरकतात. तिथे त्यांचा वेगळाच गट जमतो आणि पुष्कळदा खेळ कायमचा सुटतो. पीटीला बाई असल्या तर ‘आज नको’ एवढे दोन शब्द पुरतात. सर असले, की घरून डोकेदुखीची चिठ्ठी आणावी लागते.