दचकवणारी बस

१९४२ च्या 'कॅट पीपल' या अमेरिकी भयपटात एक तरुणी रात्री बागेच्या भिंतीलगतच्या रस्त्याने एकटीच निघालेली असते. पार्श्वसंगीत अजिबात नाही. ऐकू येते ती फक्त तिच्या टाचांची टकटक आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या बाईच्या टाचांची. मध्येच मागची टकटक थांबते. ती वळून बघते, रस्ता रिकामा. ती घाबरून पळायला लागते, एका दिव्याखाली थबकते, आणि तेवढ्यात फिस्सकन ब्रेक दाबत एक बस पडद्यावर घुसते. प्रेक्षक जागच्या जागी उडतो. घडलेलं काहीच नसतं, साधी बस आलेली असते! निर्माते व्हॅल लुटन यांच्या नावावरून ही युक्ती पुढे 'लुटन बस' म्हणून ओळखली जाऊ लागली.

दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अचानक मोठा आवाज झाला की कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या देठातून थेट मज्जारज्जूकडे जातो आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पापण्या मिटतात, खांदे वर जातात. 'अरे, ही तर बस' हे समजेपर्यंत शरीराचं काम उरकलेलं असतं. डार्विनने हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो विषारी सापासमोरच्या जाड काचेच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभा राहिला, मागे हटायचं नाही असा पक्का निश्चय करून. सापाने झेप घेताच निश्चय कुठच्या कुठे गेला आणि तो झटकन मागे उडाला.

पण नुसता दणका म्हणजे भयपट नव्हे. १९५१ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात, विजेच्या झटक्याची सूचना देणारा इशारा चालू असताना मोठा आवाज केला, तर उंदीर एरवीपेक्षा जास्त जोरात दचकले. भीतीशी निगडित असलेला मेंदूतला अमिग्डला हा भाग दचकण्याची कळ आधीच ताणून ठेवतो. भयपटातल्या ठरलेल्या खुणा नेमकं हेच करतात. गेलेली वीज, करकरणारं दार, एकाएकी थांबलेलं संगीत, हे सगळे त्या प्रयोगातले इशारेच. म्हणून ठरावीक साच्याला नावं ठेवणं मला पटत नाही. खुणा ओळखता येणारा प्रेक्षक जास्त घाबरू शकतो, कारण त्याला वाट बघता येते.

साचा बिघडतो तो अतिरेकाने. तोच दणका पुन्हा पुन्हा दिला की शरीर त्याला सरावतं आणि दचकणं कमी होत जातं. दर पाच मिनिटांनी किंचाळणारे चित्रपट उत्तरार्धात कंटाळवाणे होतात ते बरेचसे यामुळेच.

जाणते दिग्दर्शक मग खूण दाखवतात आणि दणका राखून ठेवतात. न्हाणीघरातल्या आरशाचं कपाट उघडलं जातं. बंद करताना आरशात मागे कोणीतरी दिसणार, हे आता सगळ्यांना पाठ आहे. कपाट बंद होतं, आरशात कोणीच नाही. प्रेक्षक श्वास सोडतो, पण ताणलेली कळ इतक्यात सैल होत नाही. दणका त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत येतो.