बनियनची शस्त्रक्रिया: गाठ तासण्यापासून हाडाचा पीळ सोडवण्यापर्यंत

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी आलेला उंचवटा, म्हणजेच बनियन, बहुतेकांना हाडाची वाढ वाटतो. डॉक्टरांचीही दीर्घकाळ तीच समजूत होती. प्रत्यक्षात तिथे नवं हाड फारसं वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाकडे सरकतं, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि मधला सांधा बाहेर डोकावतो. जर्मन शल्यविशारद कार्ल ह्यूटर यांनी १८७० च्या सुमारास या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हटलं.

१८८१ मध्ये जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हर्दिन यांनी उंचवटा काढताना मेटाटार्सलच्या टोकामागून हाडाची पाचरही काढली आणि टोकाची दिशा बदलली. अजून क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्यांच्या नजरेचं कौतुक वाटतं. पण पुढची वाट सरळ गेली नाही. १९०४ मध्ये अमेरिकी लष्करातले शल्यविशारद विल्यम केलर यांनी अंगठ्याच्या हाडाचं बूडच काढून टाकण्याची पद्धत मांडली. दुखणं कमी व्हायचं, पण अंगठा आखूड आणि दुबळा होऊन भार इतर बोटांच्या बुडाशी जायचा. १९२३ मध्ये डेव्हिड सिल्व्हर आणि १९२८ मध्ये अर्ल मॅकब्राइड यांनी उंचवटा तासण्याबरोबर भोवतालचे स्नायू-बंध सैल-घट्ट करण्यावर भर दिला. हाड मात्र तिरकं ते तिरकंच राहायचं.

न्यूयॉर्कच्या पॉल लॅपिडस यांनी १९३४ मध्ये बोट ठेवलं ते पावलाच्या मध्यावर. मेटाटार्सल जिथे मागच्या हाडाला जोडलेलं असतं तो सांधाच सरळ करून कायमचा जुळवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. अल्ब्रेश्ट नावाच्या शल्यविशारदांनी १९११ मध्येच तसं केलं होतं. पुढे हाड इंग्रजी व्ही आकारात कापायची शेव्हरॉन आणि झेड आकारात कापायची स्कार्फ या पद्धती रुळल्या. यश मोजायची पट्टी म्हणजे एक्स-रेवरचे दोन कोन: अंगठ्याचा कल साधारण १५ अंशांखाली आणि पहिल्या दोन मेटाटार्सलमधला कोन ९ अंशांखाली.

आणि तरीही काहींचा बनियन परत यायचा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इथेच उभा राहतो, कारण कागदावर कोन तर बरोबर आलेले असायचे. एक्स-रे ही सपाट सावली. हाड स्वतःभोवती फिरलंय का, हे तिच्यात सहज दिसत नाही. खरं तर तीव्र बनियन असलेलं पाऊल नुसतं पाहिलं तरी खूण सापडते: अंगठ्याचं नख वर न पाहता दुसऱ्या पावलाकडे वळलेलं असतं. मेटाटार्सलच्या टोकाखाली सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात. १९५१ मध्ये हार्डी आणि क्लॅफम यांनी त्यांच्या सरकण्याच्या सात पायऱ्या ठरवल्या. जपानच्या ओकुदा व सहकाऱ्यांनी २००७ आणि २००९ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर हाडाच्या टोकाची बाहेरची कड एक्स-रेत गोल दिसली (ही हाड फिरलेलं असल्याची खूण) किंवा सेसमॉइड जागेवर आली नाहीत, तर बनियन परतण्याचा धोका वाढतो.

सीटी स्कॅनने हा पीळ थेट मोजता येऊ लागला. २०१५ मध्ये कोरियातल्या एका अभ्यासात बनियनच्या सुमारे ८७ टक्के पावलांत मेटाटार्सल नेहमीपेक्षा जास्त फिरलेलं आढळलं. उभं राहून, पावलावर भार देऊन काढायच्या सीटीने चित्र आणखी स्पष्ट केलं. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमधल्या संशोधकांनी लॅपिडस पद्धतीने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तपासले. ज्यांचा पीळ कमी झाला त्यांच्या हालचालींत, त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, अधिक सुधारणा होती आणि बनियन परतण्याचं प्रमाणही कमी होतं. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे यावर शेवटचा शब्द म्हणून विसंबणं घाईचं ठरेल. शिवाय निरोगी पावलातही हे हाड थोडं फिरलेलं असतंच, त्यामुळे पीळ नेमका किती अंश सोडवायचा यावर शल्यविशारदांचं अजून एकमत झालेलं नाही.