मूल बरे आहे का, हे कोणाला विचारायचे?

मुलांच्या स्वास्थ्यावरचा एखादा नवा अहवाल आला की बातमीत आकडे येतात. अमुक देशातल्या पंधरा वर्षांच्या किती मुली आयुष्याबाबत समाधानी आहेत, किती मुलांना शाळेत एकटे वाटते, वगैरे. हे आकडे बहुतेक वेळा मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतून येतात. आज यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण मुलांवरच्या शास्त्रीय अभ्यासाला दीडशे वर्षे होत आली आणि त्यातली पहिली शंभर वर्षे मुलांबद्दल डॉक्टरांना, शिक्षकांना, आयांना, पोलिसांना विचारण्यात गेली. मुलांना त्यांच्या आयुष्याबद्दल फारसे कोणी विचारले नाही. या संशोधनाचा इतिहास वाचताना मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, कारण विचारले कोणाला यावर उत्तर काय मिळणार हे पुष्कळसे ठरत होते.

सुरुवात निरीक्षणांपासून झाली. चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या बाळपणी ठेवलेल्या टिपणांवरून 1877 मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. राग, भीती, हसू बाळात कधी आणि कसे दिसू लागते याच्या त्या नोंदी होत्या. 1883 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी बॉस्टनमधल्या शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांना काय काय ठाऊक असते याची पाहणी केली. गाय पाहिली आहे का, अशा प्रकारचे प्रश्न त्यात होते. म्हणजे मुलांना विचारले गेले, पण विचारले ते त्यांच्या माहितीबद्दल. याच हॉल यांनी 1904 मध्ये पौगंडावस्थेवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे वय म्हणजे वादळाचे वय, ही कल्पना रूढ केली. ती इतकी पक्की बसली की आजही आईवडील तीच बोलून दाखवतात. तिची खरी तपासणी व्हायला साठएक वर्षे जावी लागली.

त्या काळात मुलांची स्थिती मोजायची तर पहिले माप मृत्यूचेच होते. 1912 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मुलांसाठी वेगळा विभाग काढला आणि ज्युलिया लॅथ्रोप त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. पहिल्या अभ्यासासाठी त्यांनी पेनसिल्व्हेनियातले जॉन्सटाउन हे पोलाद कारखान्यांचे गाव निवडले. 1911 मध्ये तिथे जन्मलेल्या बाळांची यादी काढून विभागाच्या स्त्री-पाहणीकार घरोघरी गेल्या. बाळाला काय पाजले, घरात नळ आहे का, आईने बाळंतपणाच्या किती आधीपर्यंत काम केले, बापाची कमाई किती, हे सगळे त्यांनी आईपाशी बसून लिहून घेतले. बाळे दगावतात ती आयांच्या अज्ञानामुळे, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. अहवालातून जे पुढे आले त्याने त्या समजाला धक्का दिला. बापाची कमाई जसजशी कमी, तसतसे मृत्यूचे प्रमाण जास्त होते. जिथे रस्ते कच्चे आणि सांडपाण्याची सोय नाही, तिथे ते आणखी जास्त होते. घरी जाऊन आईला विचारल्याशिवाय हे कळले नसते. मुलांच्या प्रश्नाचे मूळ घराच्या परिस्थितीत शोधायचे, ही वाट या पाहणीने रुंद केली.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या एग्लंटाइन जेब यांनी उपाशी मुलांसाठी मदतकार्य उभे केले आणि मुलांच्या हक्कांचा पाच कलमी मसुदा तयार केला. 1924 मध्ये राष्ट्रसंघाने तो जिनिव्हा जाहीरनामा म्हणून स्वीकारला. भुकेल्याला अन्न द्या, आजाऱ्याची शुश्रूषा करा, संकटात मुलाला आधी मदत द्या, अशी ती कलमे आहेत. मुलाला काय वाटते याचा उल्लेख त्यात नव्हता.

मन चर्चेत आले ते अनाथालये आणि इस्पितळे यांच्यामुळे. मनोविश्लेषक रेने श्पिट्स यांनी 1945 पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन जागांची तुलना होती. एक स्वच्छ, नीट चालवलेले अनाथालय, जिथे एका परिचारिकेकडे बरीच बाळे असत. दुसरे स्त्रियांच्या तुरुंगातले पाळणाघर, जिथे कैदी आया आपापल्या बाळांना स्वतः सांभाळत. तुरुंगातली बाळे चांगली वाढली. अनाथालयातली एक-तृतीयांशाहून अधिक दोन वर्षांत दगावली. दूध, कपडे, स्वच्छता सगळे असूनही बाळ कोमेजते, हे मान्य करणे त्या काळच्या वैद्यकाला जड गेले.

यापुढचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण संशोधनाने मुलांचे रोजचे जगणे बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. 1950 च्या आसपास ब्रिटनमधल्या अनेक इस्पितळांत दाखल झालेल्या मुलाला आईवडिलांनी आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटायचे, अशी पद्धत होती. काही ठिकाणी तेही नाही. परिचारिकांचे म्हणणे असे की आई भेटून गेली की मूल रडते, न भेटल्यास दोन-चार दिवसांत शांत होते आणि रुळते. जेम्स रॉबर्टसन नावाचा संशोधक या वॉर्डांत तासन् तास बसून पाहत असे. त्याला वेगळेच दिसले. मूल आधी आकांत करते, मग हताश होते आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरवते. रुळणे म्हणतात ते हेच.

डॉक्टर ऐकेनात, तेव्हा त्याने साधा कॅमेरा घेतला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल होणारी अडीच वर्षांची एक मुलगी निवडली आणि रोज ठरलेल्या वेळी तिचे चित्रीकरण केले. दृश्यात भिंतीवरचे घड्याळ दिसेल अशी काळजी त्याने घेतली, म्हणजे सोयीचे तेवढे क्षण टिपले असा आरोप करता येऊ नये. मुलगी फारशी रडत नाही. ती ओठ घट्ट मिटते, बाहुली धरून बसते, मधूनच आई कुठे आहे म्हणून विचारते, आणि दिवस जातात तशी आई आली की तिच्यापासून तोंड फिरवते. 1952 मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांच्या सभेत हे चित्रीकरण दाखवले तेव्हा अनेकजण संतापले, हे इस्पितळांना बदनाम करणे आहे म्हणाले. पण 1959 मध्ये सरकारी समितीच्या प्लॅट अहवालाने मुलांना भेटण्यावरची बंधने उठवावीत, शक्य तिथे आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली. आज मुलाच्या खाटेशेजारी पालकाने बसणे गृहीत धरले जाते, त्यामागे ही धडपड आहे.

रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करत होता ते ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 मध्ये त्यांनी लिहिलेल्या अहवालाने आईचा सहवास ही बाळाच्या मनाची गरज आहे हे जगभर पोचवले. पण त्याचा एक वाईट परिणामही झाला. मुलाचे काही बिघडले की बोट आईकडे दाखवले जाऊ लागले, नोकरी करणाऱ्या बाईला अपराधी वाटू लागले. ब्रिटनचेच बालमनोविकारतज्ज्ञ मायकल रटर यांनी 1972 मध्ये हा सगळा पुरावा पुन्हा तपासला. घरातली भांडणे, गरिबी, काळजी घेणारी माणसे सारखी बदलणे या वेगवेगळ्या गोष्टी आईच्या अभावाच्या एकाच खात्यावर टाकल्या गेल्या होत्या, हे त्यांनी दाखवले. ही दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोलाची होती.

रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉल यांच्या वादळाचीही तपासणी केली. आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या बेटावरच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींशी ते स्वतंत्रपणे बोलले, आईवडील आणि शिक्षक यांनाही वेगळे विचारले. 1976 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेक मुले आईवडिलांपासून तुटलेली नव्हती, म्हणजे वादळाची कथा बरीच अतिरंजित होती. मात्र आतून उदास, अस्वस्थ असणारी मुले बरीच होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या या अवस्थेची आसपासच्या मोठ्या माणसांना गंधवार्ता नव्हती. 1987 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी अशा 119 अभ्यासांची गोळाबेरीज केली. मुलाचे स्वतःबद्दलचे सांगणे आणि इतरांचे त्याच्याबद्दलचे सांगणे यांच्यातला सहसंबंध सरासरी 0.22 एवढाच निघाला. हा आकडा 1 च्या जवळ असता, म्हणजे दोघांचे सांगणे जवळजवळ जुळले असते, तर आईला विचारून भागले असते. त्यानंतर मुलाला न विचारता त्याच्या मनाविषयी ठाम बोलणे शास्त्राला अवघड झाले.

दरम्यान दीर्घकालीन अभ्यास सुरू झाले होते. ब्रिटनमध्ये मार्च 1946 च्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांची नोंद झाली ती बाळंतपणाचा खर्च आणि सोयी तपासण्यासाठी, पण त्यांच्यातल्या पाच हजारांहून अधिक जणांचा पाठपुरावा पुढे चालूच राहिला. हवाईच्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातले आजारपण, कलह अशी अनेक ओझी असलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले चांगली, जबाबदार माणसे झाली. अशा मुलांच्या आयुष्यात बहुधा एखादे तरी भरवशाचे माणूस होते, कधी आजी, कधी शिक्षक. बिघाड शोधायला निघालेले संशोधन इथून मूल कशाने तरते हेही शोधू लागले.

1980 चे दशक निर्णायक ठरले. 1983-84 मध्ये काही युरोपीय देशांत शाळकरी मुलांच्या आरोग्याची पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ती आजही दर चार वर्षांनी होते आणि 11, 13 व 15 वर्षांची मुले तिची उत्तरे स्वतः लिहितात. तिच्यात एका शिडीचे चित्र असते. सर्वांत वरची पायरी 10, म्हणजे तुझ्या दृष्टीने उत्तमोत्तम आयुष्य. सर्वांत खालची 0, म्हणजे वाईटात वाईट. सध्या तू कुठल्या पायरीवर आहेस, तिथे खूण कर. अकरा वर्षांच्या मुलाला हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. त्याच दशकात येन्स क्वोर्ट्रुप यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ म्हणू लागले की मुलाकडे उद्याचा नागरिक म्हणूनच पाहिले तर त्याचे आजचे आयुष्य नजरेतून निसटते. 20 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क करार मंजूर केला. त्याच्या 12 व्या कलमाने आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलाला दिला. संशोधकांना त्यातून कायदेशीर आधारही मिळाला आणि जबाबदारीही आली.

त्याच वर्षाच्या अखेरीस रुमानियातली हुकूमशाही कोसळली आणि सरकारी अनाथालयांत कोंडलेली लाखाहून अधिक मुले जगासमोर आली. पुढे बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी 136 मुलांची दोन गटांत विभागणी केली. निम्मी मुले संगोपन करणाऱ्या कुटुंबांत गेली, बाकीच्यांची व्यवस्था पूर्वीसारखीच राहिली, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडले. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली झाली. या निष्कर्षाने अनेक देशांतल्या धोरणांना बळ मिळाले. संशोधकांनी नैतिकतेचा विचार केला होता. मागे राहिलेल्या मुलांना नंतर कुटुंब मिळाले तर त्यांना अडवायचे नाही, हे आधीच ठरले होते. तरीही त्या दुसऱ्या गटाबद्दल वाचताना मन शांत राहत नाही, आणि राहू नये असे मला वाटते.

2007 मध्ये युनिसेफने 21 श्रीमंत देशांतल्या मुलांच्या स्थितीची तुलना केली. भौतिक स्थिती, आरोग्य, शिक्षण, नातेसंबंध, धोक्याचे वर्तन आणि मुलांचे स्वतःचे मत अशा सहा बाजू त्यात होत्या. नेदरलँड्स पहिला आला, ब्रिटन शेवटचा, अमेरिका त्याच्या आधीची. ब्रिटनमध्ये मोठी खळबळ उडाली. चार वर्षांनी ब्रिटन, स्पेन आणि स्वीडनमधल्या मुलांनाच विचारण्यात आले की तुम्हाला चांगले कशाने वाटते. घरच्यांबरोबर वेळ, मित्र, आणि बाहेर करण्यासारखे पुष्कळ काही, अशी त्यांची उत्तरे होती. वस्तूंची मागणी त्यात वर नव्हती.

श्रीमंत देशांच्या पलीकडे हे काम उशिरा पोचले. ऑक्सफर्डहून चालणारा एक अभ्यास 2002 पासून इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाममधल्या सुमारे 12,000 मुलांच्या मागावर आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी 2010 नंतर सुरू झाली आणि तिच्या तिसऱ्या फेरीत 35 देशांतल्या 1,28,000 हून अधिक मुलांनी उत्तरे दिली. देशाच्या श्रीमंतीवरून तिथली मुले किती समाधानी असतील याचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यातून दिसले. परीक्षांत अव्वल असलेल्या दक्षिण कोरियातली मुले समाधानात मागे होती.

सध्याचा वाद मोबाइल आणि समाजमाध्यमांचा आहे. 2019 मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. एका मुलाच्या आणि दुसऱ्या मुलाच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जुळला. ऑर्बेन यांच्याच 2022 च्या अभ्यासात काही वये अधिक नाजूक दिसली, मुलींसाठी 11 ते 13 आणि मुलांसाठी 14-15. सरासरी परिणाम लहान आणि काही मुलांवर मोठा, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. शाळांत मोबाइलबंदी करणारी सरकारे आणि तिच्या विरोधातले संशोधक, दोघेही यातला आपापल्या बाजूचा अर्धाच भाग सांगतात, अशी माझी तक्रार आहे.

या पाहण्यांची एक मोठी उणीव अजून तशीच आहे. त्या बहुतेक शाळेच्या वर्गात होतात. त्या दिवशी वर्गात नसलेले मूल, कामावर असलेले, आजारी असलेले, निर्वासित छावणीतले किंवा संस्थेत राहणारे मूल त्यांत येत नाही. अपंग मुलांना त्याच प्रश्नावलीने उत्तरे देता येतीलच असे नाही. अशा मुलांपर्यंत पोचायचे तर जॉन्सटाउनसारखे दारोदार जावे लागते आणि त्याला पैसा व वेळ दोन्ही लागतात. काही अभ्यासगटांनी आता किशोरवयीनांनाच प्रश्न तयार करायला बसवले आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने किशोरांच्या आरोग्यावर नेमलेल्या आयोगाने 2016 च्या अहवालासाठी तरुण सदस्यांनाही बरोबर घेतले होते. शाळेबाहेरच्या मुलांच्या बाबतीत मात्र आजही पहिला प्रश्न ती किती आहेत आणि कुठे आहेत, हाच आहे.