‘चूक आहे’ म्हणणारी मुलं रूळ का ओलांडतात?

दिवा स्टेशनजवळच्या एखाद्या शाळेत नववीच्या वर्गाला ‘नियम मोडणं चूक आहे का?’ असं विचारलं, तर बहुतेक सगळे ‘हो’ म्हणतील. त्यातलेच काही जण शाळा सुटल्यावर रूळ ओलांडून घरी जातील. मुलं खोटं बोलली असं नाही, प्रश्नच भोंगळ होता. आयझेन आणि फिशबाइन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली दाखवलं की मत आणि वर्तन यांचा मेळ बसायला दोन्हीकडे कृती, लक्ष्य, परिस्थिती आणि वेळ एकच असावी लागते. म्हणून मुलांची मतं आणि वागणं जोखणारी प्रश्नावली बनवताना ‘घाईत असताना पूल टाळून रूळ ओलांडणं तुझ्या वयाच्या मुलासाठी कितपत चूक?’ असं नेमकं विचारायचं.

‘तुझ्या वयाच्या’ ही शब्दयोजना अमेरिकेतल्या ‘नॅशनल यूथ सर्व्हे’त आहे. 1970च्या दशकात सुरू झालेल्या त्या पाहणीत चार पर्याय होते: खूप चूक, चूक, थोडं चूक, अजिबात चूक नाही. मधला ‘सांगता येत नाही’ नव्हता, त्यामुळे कुंपणावर बसायची सोय नव्हती. मात्र तिथलं ‘पाच डॉलरपेक्षा कमी किमतीची चोरी’ हे विधान रुपयांत बदलून ठाण्यात चालणार नाही. इथे विनातिकीट लोकल, लायसन्स नसताना स्कूटर, दुकानातून गुपचूप उचललेलं चॉकलेट, वर्गातल्या मुलाला धमकावणं अशी विधानं हवीत. सगळी विधानं गंभीर गुन्ह्यांचीच घेतली तर प्रत्येक जण ‘खूप चूक’वर खूण करतो. उत्तरांत फरकच उरत नाही, मग वर्तनाशी सांगड कशाची घालणार? ‘न सांगणं चूक नाही’ असली दुहेरी नकाराची वाक्यं तर हुशार मुलांनाही चकवतात. आधी आठ-दहा मुलांकडून प्रत्येक विधान मोठ्याने वाचून घ्यावं आणि त्यांना काय कळलं ते विचारावं. मग तीसेक जणांवर चाचणी घ्यावी. बाकीच्या विधानांच्या गुणांच्या बेरजेशी ज्याचा सहसंबंध (दोन गोष्टी कितपत सोबत वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा) 0.3 च्या खाली जातो, ते विधान बहुधा काढावं लागतं.

वर्तनाबद्दल विचारताना ‘गेल्या वर्षभरात’पेक्षा ‘गेल्या दिवाळीपासून’ बरं, कारण आठवणीला खुंटी मिळते. शिक्षक वर्गाबाहेर, कागदावर नाव नाही, पाकीट मुलानेच बंद करायचं. बढाईखोर ओळखायला अस्तित्वात नसलेल्या नशेच्या पदार्थाचं नाव यादीत घालतात. पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही आधीच घ्यावे लागतात.

मापं कच्ची असली की संबंध खरा असूनही पुसट दिसतो. खरा सहसंबंध 0.5 आणि दोन्ही मापांची विश्वसनीयता (तेच पुन्हा मोजलं तर उत्तर कितपत सारखं येतं ते) 0.6 व 0.7 असेल, तर हाती साधारण 0.32 येतो. त्यावरून ‘मतांचा वर्तनाशी फारसा संबंध नाही’ म्हणणं घाईचं आहे.

शिवाय साइक्स आणि मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये मांडलेला मुद्दा आहेच: नियम मोडणारी मुलं बरेचदा नियम मानतात, फक्त सबब बाळगून असतात. ‘पूल लांब आहे’, ‘कोणाचं काय बिघडलं?’ या सबबींची विधानं वेगळी घ्यावीत. माझ्या मते आपल्याकडच्या प्रश्नावल्यांत हाच भाग सर्वांत दुबळा असतो.

मत आधी की कृती आधी, हे एका फेरीत कळत नाही. रूळ ओलांडून सवय झाली की ते हळूहळू ‘थोडं चूक’ वाटू लागतं. म्हणून सहा महिन्यांनी दुसरी फेरी हवी. दोन्ही कागद जुळवायला आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस असा संकेत वापरतात. छोट्या वर्गात तो दोघांचा सारखा निघू शकतो, तेव्हा तिसरी खूण जोडावी. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना नंतर गाठायलाच हवं, कारण शाळा बुडवणाऱ्यांतच ही वर्तनं जास्त आढळतात. आणि दहावीचा वर्ग असेल तर दुसरी फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवू नये.