विरजणापासून भाकरीपर्यंत : आतड्यातील जिवाणू आणि प्रतिकारशक्तीच्या संशोधनाची पार्श्वभूमी

विदर्भातील खेड्यांत रात्री कोमट दुधाच्या गंजात चमचाभर विरजण घालून तो झाकून ठेवायचा आणि सकाळी ज्वारीची शिळी भाकर ताकात कुस्करून खाऊन वावराची वाट धरायची, ही रीत जुनी आहे. पोट बिघडले की घरातील म्हातारी माणसे आधी ताकच सुचवतात. या सवयीला विज्ञानाचे पाठबळ असल्याचे आज सर्रास सांगितले जाते. मात्र ते पाठबळ ज्या वाटेने आले ती बरीच वाकडी आहे, आणि तिच्या शेवटी ताकापेक्षा भाकरीचीच बाजू अधिक भक्कम ठरते.

१९०५ मध्ये जिनिव्हात संशोधन करणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरला आपल्या मुलखातील दह्यात एक काडीच्या आकाराचा जिवाणू आढळला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकोव्ह यांनी तो शोध उचलून धरला. रोगजंतू गिळणाऱ्या पेशींवरील कामासाठी १९०८ चे नोबेल पॉल एर्लिक यांच्यासह मिळवणारे हे शास्त्रज्ञ. मोठ्या आतड्यात अन्न सडवणारे जिवाणू विष तयार करतात, त्यामुळे म्हातारपण लवकर येते आणि दह्यातील आम्ल या सडण्याला आळा घालते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे दह्यातील तो जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहत नाही असे दिसून आले आणि हा सिद्धांत मागे पडला. दही मात्र युरोपभर खपू लागले होते.

खरा धागा प्रयोगशाळेतील जंतुमुक्त प्राण्यांमुळे हाती लागला. जिवाणूंवाचून प्राणी जगूच शकणार नाही, अशी शंका लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये मांडली होती. दहाच वर्षांनी बर्लिनमध्ये नटल आणि थिअरफेल्डर यांनी पोट चिरून जन्माला घातलेली गिनिपिगची पिल्ले काही दिवस जंतुमुक्त वाढवून दाखवली. विसाव्या शतकात असे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येऊ लागले, तेव्हा त्यांच्या आतड्याच्या भिंतीतील प्रतिकारपेशींच्या गाठी खुरटलेल्या आणि आतड्यात पाझरणारी प्रतिपिंडे (रोगजंतूंना अडवणारी प्रथिने) अगदी थोडी असल्याचे आढळले. जिवाणूंवाचून शरीर जगते खरे, पण त्याची प्रतिकारयंत्रणा नीट घडत नाही.

ही यंत्रणा नुसती लढून भागत नाही. अन्नावर आणि स्वतःच्याच पेशींवर तुटून पडू नये म्हणून तिला आवरावेही लागते. आवरण्याचे हे काम करणाऱ्या पेशींचा गट १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी दाखवून दिला, ज्यासाठी त्यांना २०२५ चे नोबेल दोन अमेरिकी संशोधकांसह मिळाले. केन्या होंडा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उंदरांत सिद्ध केले की, क्लॉस्ट्रिडियम गटातील काही निरुपद्रवी जिवाणू आतड्यात असले की या आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. धनुर्वाताचा जंतूही याच गोत्रातला, म्हणून हे नाव ऐकून दचकायला होते! या जिवाणूंमुळे त्या पेशी का वाढतात, याचे कारण २०१३ मध्ये उलगडले. लहान आतड्यात न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर हे जिवाणू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात, आणि ब्युटिरेट प्रतिकारपेशींमधील जनुकांवर परिणाम करून त्यांना आवर घालणाऱ्या पेशींकडे वळवते.

म्हणजे आतड्यातील कायमच्या रहिवाशांना हवी ती त्यांची शिदोरी. ती ज्वारीच्या कोंड्यात, तुरीच्या वरणात, अंबाडीच्या भाजीत आहे. थंड झालेल्या भाकरीतील पिठूळ भागही काही अंशी न पचता त्यांच्यापर्यंत पोहोचतो. विदर्भात मात्र सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र घटवले आणि पुष्कळ घरांत भाकरीची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली.

जिवाणू आणि शिदोरी एकत्र देण्याचा मोठा प्रयोग ओडिशातील खेड्यांत झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४,५५६ नवजात बाळांपैकी काहींना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जिवाणू आणि त्याचे खाद्य असलेली एक शर्करा आठवडाभर देण्यात आली, बाकीच्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले मिश्रण दिले गेले. दुसऱ्या गटात जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते, पहिल्या गटात ५.४ टक्के. ही सर्व बाळे किमान पस्तीस आठवडे पोटात वाढलेली, किमान दोन किलो वजनाची आणि अंगावर पिणारी होती.