टेबल लहान चालेल, मशीन ताठ हवं

हौशी लाकूडकामासाठी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कापणारं-कोरणारं यंत्र, शोधायला लागलं की प्रत्येक जाहिरातीत दोन आकडे ठळक दिसतात: टेबल केवढं आणि अचूकता किती. ‘६०० बाय ६०० मिमी, अचूकता ०.०१ मिमी’ असं काहीतरी. पहिलं मशीन घेणारा माणूस साहजिकच या आकड्यांची तुलना करतो आणि आहे त्या पैशात जास्तीत जास्त मोठं टेबल उचलतो. माझ्या मते इथेच गणित फसतं. लाकूड कापताना मशीन किती वाकतं, हा आकडा कुठेच छापलेला नसतो आणि कामाचा दर्जा बहुतांशी त्यावरच ठरतो.

आधी यंत्र कसं चालतं ते बघू. डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा प्रत्येक दिशेला एक स्टेपर मोटर असते. ही मोटर एका फेऱ्यात साधारणपणे २०० पावलं टाकते, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. तिला वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, त्या प्रत्येक पावलाचे आणखी १६ भाग पाडतो. एका फेऱ्याला ४ मिमी पुढे नेणारा स्क्रू तिला जोडला, की ३२०० भागांत ४ मिमी, म्हणजे एका मिलिमीटरला ८०० पल्स (विजेचे ठोके). जाहिरातीतली अचूकता बऱ्याचदा अशाच भागाकारातून आलेली असते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: स्वस्त मशीनमधल्या स्टेपर मोटरला आपण खरोखर कुठे पोचलो हे कळत नाही. गाठ लागली, मोटर अडखळली, चार पावलं चुकली, तरी पुढचं सगळं काम ती तेवढंच सरकवून इमानेइतबारे करत राहते.

या तंत्राचा जन्म मोठ्या पैशांच्या कामातून झाला. मिशिगनच्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी नेमके वक्राकार हवे होते. अमेरिकी हवाई दलाने पैसा पुरवला, अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने काम हाती घेतलं आणि १९५२ मध्ये छिद्रं पाडलेल्या पट्टीवरून आज्ञा वाचणारं मिलिंग मशीन चालवून दाखवलं. तेच काम घरातल्या टेबलावर आणलं २००९ मध्ये, सिमेन स्वाले स्कॉग्सरूड या नॉर्वेच्या प्रोग्रामरने. त्याने लिहिलेलं जीआरबीएल हे मुक्त सॉफ्टवेअर आर्डुइनो या साध्या, छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालतं आणि जी-कोड, म्हणजे मशीनला हालचाली सांगणाऱ्या आज्ञा, वाचून सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देतं. २०११ मध्ये एडवर्ड फोर्डने शेपोको हे हौशी मशीन लोकवर्गणीतून उभं केलं. आज बाजारात मिळणारी बहुतेक छोटी मशीन याच वळणाची आहेत. म्हणजे मेंदू जवळपास सगळ्यांचा सारखाच. फरक असतो तो सांगाड्यात.

सांगाड्याचं गणित सोपं आहे, पण कठोर आहे. दोन टोकांना टेकलेल्या दांड्याच्या मध्यावर जोर दिला, तर तो किती वाकेल हे त्याच्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट, तर वाक आठपट. दांडा गोल असेल तर जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. जाडी दुप्पट केली, की वाक सोळावा हिस्सा. ३०१८ नावाने विकलं जाणारं छोटं मशीन घ्या. त्याच्या कामाचा आवाका नावातच आहे, ३०० बाय १८० मिमी. स्पिंडल, म्हणजे बिट (कापणारं हत्यार) फिरवणारा भाग, दोन गोल पोलादी दांड्यांवरून सरकतो. दांडे १० मिमी जाड आणि ३०० मिमी लांब धरले, मध्यावर २० न्यूटनचा, म्हणजे साधारण दोन किलो वजनाएवढा जोर दिला, तर दोन्ही मिळून सुमारे ०.०६ मिमी वाकतात. लाकडासाठी हे उत्तम. आता तेच दांडे ६०० मिमी केले, तर वाक जवळपास ०.४६ मिमी होतो. मोठं टेबल स्वस्तात विकणारा नेमकं हेच करतो: दांडे तेच आणि लांबी दुप्पट. प्रत्यक्षात यात चाकांची ढिलाई, स्क्रूच्या नटमधला प्ले (मोकळी जागा) आणि वर-खाली सरकणाऱ्या भागाचा झोल यांची भर पडते.

म्हणून मशीन बघायला जाताना शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसा ताणकाटा आणि बारीक हालचाल काट्याने दाखवणारं एक डायल गेज बरोबर न्या. स्पिंडल बंदच ठेवून फक्त स्टेपर मोटर चालू करा आणि सगळे अक्ष जागेवर धरून ठेवा. डायल टेबलावर बसवून त्याचं टोक स्पिंडलच्या खालच्या बाजूला टेकवा, ताणकाट्याचा हूक तिथेच अडकवून दोन किलोचा ताण द्या. डायलचा काटा ०.१ मिमीच्या आत राहिला तर मशीन चांगलं. ०.३ मिमीच्या पुढे गेला तर टेबल कितीही मोठं असो, मी ते घेणार नाही. ताण सोडल्यावर काटा शून्यावर परत येतो का, हेही बघा. येत नसेल तर कुठेतरी प्ले आहे. जुनं मशीन घेताना तर ही परीक्षा टाळूच नका. नवं मशीन ऑनलाइन मागवणार असाल तर फोटोत एवढं तरी तपासा की सरकणाऱ्या भागाखाली पूर्ण लांबीभर आधार दिलेले लिनिअर गाइड (सरकपट्ट्या) आहेत की अधांतरी दांडे.

मग ०.०१ मिमीच्या दाव्याचं काय? लाकूड स्वतःच त्याला दाद देत नाही. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने जवळपास ६ टक्के आक्रसतं, आणि साग तर शांत स्वभावाचं लाकूड मानतात. २०० मिमी रुंदीच्या आडव्या चिरलेल्या फळीतला ओलावा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार टक्क्यांनी वाढला, तर फळी सुमारे दीड मिलिमीटर फुगते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतची अचूकता लाकडाच्या सांध्याला पुरते. त्यापुढच्या शून्यांसाठी वेगळे पैसे मोजू नका.

आता स्पिंडल. बरेच जण पैसे वाचवायला हाताने चालवायचा ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, बसवतात. कल्पना चांगली आहे, पण त्यात एक खोच आहे. बिटचं प्रत्येक पातं एका फेऱ्यात लाकडाचा ठरावीक जाडीचा छिलका काढतं. सरकण्याचा वेग भागिले फेरे आणि पात्यांची संख्या यांचा गुणाकार, म्हणजे त्या छिलक्याची जाडी. दोन पात्यांचा बिट, मिनिटाला ३०,००० फेरे आणि मशीन सरकतंय मिनिटाला ८०० मिमी वेगाने, तर छिलका निघतो ०.०१३ मिमीचा. एवढ्या पातळ थरात पातं कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की तापतं, लाकडावर काळे डाग पडतात, जळका वास येतो आणि बिटची धार जाते. तोच बिट १०,००० फेऱ्यांवर चालवा, छिलका ०.०४ मिमी होतो. एकाच पात्याचा बिट लावा, ०.०८ मिमी. भुसा पिठासारखा यायचा तो रवाळ यायला लागतो, आणि मशीन बरोबर चाललंय हे त्यावरून कळतं. छोट्या मशीनला फार वेगाने सरकता येत नाही, म्हणून वेग कमी करता येणारा ट्रिमरच घ्यावा. मकिता आरटी०७०० हा ७१० वॉटचा ट्रिमर १०,००० ते ३०,००० फेऱ्यांत चालतो आणि ६५ मिमीच्या क्लॅम्पमध्ये बसतो, त्यामुळे हौशी मशीनवर तो इतका दिसतो. एकाच वेगाचा ट्रिमर स्वस्त पडतो, पण सागावर तो सतत त्रास देईल. सागात नैसर्गिक सिलिका असते आणि ती धार आधीच खाते.

३०१८ बरोबर येणारी छोटी डीसी मोटर पाइन, रबरवुड, कोरीव अक्षरं एवढ्यापुरती ठीक. तिच्यासोबतचे बिट सव्वातीन मिमीच्या आतबाहेरचे असतात, आणि जाडीचा चौथ्या घाताचा नियम बिटलाही लागू आहे: ३ मिमीचा बिट ६ मिमीच्या बिटपेक्षा सोळापट जास्त लवतो. कोलेटमधून, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यातून, बिट विनाकारण लांब बाहेर ठेवू नका.

आपल्याकडे पहिलं काम बहुतेक वेळा दारावरची नावाची पाटी असते, आणि देवनागरी पाटी ही मशीनची फार चांगली परीक्षा आहे. शिरोरेखा लांब आणि सरळ. गँट्री, म्हणजे स्पिंडल पेलणारा आडवा भाग, मध्यावर वाकत असेल तर रेघेची रुंदी टोकांना एक आणि मध्ये दुसरी दिसते. व्ही-बिटने, म्हणजे निमुळत्या टोकाच्या बिटने, कोरताना खोली रुंदीवर ठरते. रेघ ८ मिमी रुंद असेल तर ९० अंशांचा बिट ४ मिमी खोल जातो, ६० अंशांचा जवळजवळ ७ मिमी. खोलीत दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी अक्षराची कड डोळ्याला खटकते. ‘ठ’ आणि ‘ळ’ यांच्या गोलाईत नटमधला प्ले उघडा पडतो: चार ठिकाणी, जिथे दिशा बदलते तिथे, वर्तुळ किंचित चपटं होतं.

अक्षरांची आणखी एक अडचण संगणकावरची. काही सीएनसी सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं फुटतात, ‘र्ह’ आणि ‘क्ष’ यांचे तुकडे होतात. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहा, ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘बालू’ (Baloo) यांसारखा खुला फाँट घ्या, मजकुराचं पाथमध्ये (नुसत्या बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करा आणि त्यानंतर सगळी अक्षरं युनियन करा, म्हणजे एकाच आकारात जोडा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात. देवनागरीत शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर चढलेल्या असतात. युनियन न करता फाइल दिली तर सॉफ्टवेअर त्या चढलेल्या भागाला भोक समजू शकतं आणि शिरोरेखेत बारीक बारीक न कोरलेले तुकडे राहतात. इंकस्केप फुकट आहे, जीआरबीएलला कोड पाठवणारं युनिव्हर्सल जीकोड सेंडरही फुकट. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला पैसे घालवायची गरज नाही.

पाटीसाठी मोठं टेबलही लागत नाही. पुढून-मागून मोकळं असलेल्या मशीनवर लांब फळी टप्प्याटप्प्याने सरकवून कोरता येते. नावाच्या पाट्या, डबे, खेळणी, देव्हाऱ्याची जाळी एवढं करायचं असेल तर ४०० बाय ४०० मिमीचं, लिनिअर गाइडचं आणि ६५ मिमी क्लॅम्पचं मशीन पहिल्या खरेदीला योग्य. त्याहून कमी पैसे असतील तर ३०१८ घ्या, शिका आणि छोटी कामं करा. पण ३०१८ च्या किमतीत ६०० मिमीचं मशीन मिळत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

बजेटचा निदान चौथा हिस्सा मशीनबाहेर ठेवा: चांगले कार्बाइड बिट, क्लॅम्प, खाली बळी द्यायचा (बिट आरपार गेला तर खुशाल कापला जाईल असा) एमडीएफचा तक्ता आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हातात घेऊन, पारखून घेता येईल असं बरंच काही मिळतं. धुळीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग होण्याचं सिद्ध कारण म्हणून पहिल्या गटात टाकली आहे, आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडची राळही असते. फ्लॅटच्या बाल्कनीत मशीन ठेवणार असाल तर झाकण असलेली पेटी, सायक्लोन (धूळ आधीच वेगळी करणारं भांडं) लावलेला व्हॅक्यूम आणि तोंडावर एन९५ मास्क हे तिन्ही हवंच. पेटीने आवाजही कमी होतो. तासन्तास चालणारा राउटर शेजाऱ्यांना सहन होईल अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

एवढा खर्च करण्याआधी एकदा असं मशीन हाताळायला मिळालं तर फार बरं. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रं लोकांना वापरायला मिळणारी प्रयोगशाळा, सुरू झाली, अमेरिकेबाहेरची अगदी पहिली. ती कल्पनाही एमआयटीचीच. आता अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतही अशा प्रयोगशाळा आहेत. ओळख काढा, परवानगी मागा, एक दिवस नुसतं बघत उभे राहा. ऐन कापताना मशीनचा आवाज कसा बदलतो ते कानाला एकदा कळलं की निम्मं शिक्षण झालं.

शेवटी विजेचं. काम तीन तासांचं असतं आणि दुसऱ्या तासाला लाइट जाते. काही जण कंट्रोलरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, यूपीएस लावून निर्धास्त होतात, आणि यातच धोका आहे. ट्रिमर बंद पडतो, बिट लाकडात थांबतो, कंट्रोलर मात्र यूपीएसवर चालूच राहतो आणि न फिरणारा बिट लाकडातून पुढे ढकलतो. बिट मोडतो किंवा पावलं चुकतात. दोन्ही एकाच पुरवठ्यावर ठेवा, बंद पडतील ती एकत्र पडू देत. मशीनला लिमिट स्विच, म्हणजे सरकण्याचं टोक ओळखणारे खटके, असतील तर पुढचं काम अवघड नाही. कामाचा शून्यबिंदू जीआरबीएल आपल्या कायम स्मृतीत ठेवतं. वीज आल्यावर फळी क्लॅम्पमधून हलवू नका, आधी बिट वर उचलून मोकळा करा, होमिंग करा, म्हणजे मशीनला त्या खटक्यांवरून आपली जागा पुन्हा शोधू द्या, जुना शून्यबिंदू आपोआप लागू होईल. मग कापणं जिथे थांबलं त्याच्या थोड्या आधीच्या ओळीपासून कोड पुन्हा सुरू करा, पण त्याआधी स्पिंडल चालू करण्याची आणि वेगाची आज्ञा वर लिहायला विसरू नका. लिमिट स्विच नसलेलं मशीन चारपाचशे रुपयांनी स्वस्त मिळत असेल, तरी ते घेऊ नका.