आशियाई रंगभूमी : परंपरा आणि आधुनिकता

आशियातील नाट्यप्रकारांची ‘पारंपरिक’ व ‘आधुनिक’ अशी वाटणी साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ झाली. चौकटी रंगमंचावरचे, लिखित संहितेला बांधलेले, गद्य संवादांचे नाटक युरोपातून आले आणि त्याच्या शेजारी आधीचे सारे प्रकार एकदम जुने ठरले. नव्या नाटकाला चीनमध्ये ‘हुआजू’ म्हणजे बोलनाट्य, व्हिएतनाममध्ये त्याच अर्थाने ‘किच नोई’, तर जपानमध्ये ‘शिंगेकी’ म्हणजे नवनाट्य अशी नावे पडली. जुन्यात गाणे-नाचणे आणि नव्यात बोलणे, हा फरक पहिल्या दोन नावांतच नोंदला गेला आहे. परंपरा आधी आणि आधुनिकता नंतर, हा क्रम मात्र जपूनच घ्यावा लागतो. कित्येक परंपरांना त्यांचे आजचे नाव व रूप आधुनिक काळातच मिळाले.

‘नो’ हा जपानी नाट्यप्रकार याचे ठळक उदाहरण. कानआमी (१३३३–८४) व त्याचा मुलगा झेआमी यांनी घडवलेला हा प्रकार दीर्घकाळ ‘सारुगाकू’ या नावाने ओळखला जाई. १८६८ च्या मेजी सत्तांतरानंतर, म्हणजे सत्ता शोगुनांकडून सम्राटाकडे गेल्यावर, सरंजामी आश्रय तुटला व नटांवर उपासमारीची वेळ आली. युरोपात ऑपेरा पाहून परतलेल्या इवाकुरा तोमोमी या मुत्सद्द्याला परदेशी पाहुण्यांपुढे मांडण्याजोगा प्रकार हवा होता. त्याने नो उचलून धरले. १८८१ मध्ये त्यासाठी संस्था निघाली आणि ‘नोगाकू’ हे भारदस्त नाव रुजले. पूर्वी नोचा मंच उघड्यावर असे. त्याला स्वतःचे छप्पर असे आणि मंच व प्रेक्षक यांच्यामध्ये पांढऱ्या खड्यांची पट्टी असे. मंच इमारतीत नेताना छप्पर काढले नाही आणि खडेही ठेवले. १९८३ मध्ये सुरू झालेल्या तोक्योच्या राष्ट्रीय नो नाट्यगृहातही सभागृहाच्या छताखाली हे दुसरे छप्पर आहे. पाऊस मात्र त्याच्यावर कधीच पडत नाही.

जपानच्याच काबुकी या लोकप्रिय नाट्यप्रकारात स्त्रियांना १६२९ मध्ये बंदी झाली आणि पुढे स्त्रीभूमिका करणारे ‘ओन्नागाता’ नट तयार झाले. ओसानाई काओरू या दिग्दर्शकाने १९०९ मध्ये नॉर्वेच्या इब्सेनचे नाटक करून नव्या रंगभूमीचा पाया घातला असे मानतात. परंतु त्यातील नट काबुकीचेच होते, आणि इब्सेनच्या स्त्रियाही पुरुषांनीच उभ्या केल्या. संगीत नाटकातील स्त्रीपार्टी ठाऊक असलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

जावातील वायांग कुलित, म्हणजे चामडी बाहुल्यांचे छायानाट्य, याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. हाझेउ या डच अभ्यासकाने १८९७ मध्ये असे प्रतिपादले, की पडदा (कलिर), दिवा (ब्लेन्चोंग), खेळ चालवणारा (दालांग) या मूळच्या वस्तू-व्यक्तींची नावे जावानी आहेत, संस्कृत नाहीत; तेव्हा कलाही तेथलीच. याउलट क्रोम या डच अभ्यासकाने भारतीय उगमाचा पक्ष घेतला. त्या पक्षाचा एक आधार महाभारतातील ‘रूपोपजीवन’ हा शब्द. त्यावर नीलकंठ चतुर्धर याने टीका लिहिताना दक्षिणेत प्रसिद्ध असलेल्या ‘जलमंडपिके’चा दाखला दिला आहे: पातळ वस्त्राआड चामड्याच्या आकृतींनी राजे व अमात्य यांचे चरित्र दाखवणे. पण नीलकंठ सतराव्या शतकातला. त्याच्या टीकेवरून महाभारतकाळचा खेळ सिद्ध करणे धाडसाचे आहे. जावात राजा बलितुंग याच्या ९०७ मधील लेखात देवांप्रीत्यर्थ वायांग झाल्याचा व भीमाची कथा सांगितल्याचा उल्लेख येतो. त्या बाहुल्या चामड्याच्या होत्या का, हे त्यावरून ठरत नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘अर्जुनविवाह’ या काव्यात मात्र कोरलेले चामडेच बोलते आहे हे माहीत असूनही रडणाऱ्या प्रेक्षकांचे वर्णन आहे. कथा भारतातून गेल्या आणि तंत्र जावातच वाढले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शुद्ध मूळ हुडकण्याची ही आवड वसाहतकालीन विद्वत्तेची आहे. दालांगांचे तिच्यावाचून अडले नव्हते.

आधुनिकता थेट युरोपातूनच आली असेही नाही. मुंबईकडच्या पारशी नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मलायात पोहोचल्या. त्यांचे रंगवलेले पडदे व मधली गाणी घेऊन ‘बांगसावान’ हे मलय संगीत नाटक उभे राहिले, तर सुराबायात १८९१ मध्ये ‘कोमेडी स्तांबुल’ मंडळी निघाली. प्रवास उलट दिशेनेही झाला. बीजिंग ऑपेरातील स्त्रीभूमिकांचे नट मेइ लानफांग (१८९४–१९६१) यांचा प्रयोग जर्मन नाटककार ब्रेख्तने १९३५ मध्ये मॉस्कोत पाहिला आणि आपल्या परात्मभावाच्या, म्हणजे ओळखीचे परके करून प्रेक्षकाला अंतरावरून पाहायला लावण्याच्या, सिद्धांताला त्यात पुष्टी शोधली. चिनी प्रेक्षकाला त्यात परके असे काहीच नव्हते, हा आक्षेप रास्त आहे.

भारतात केरळचे कूडियाट्टम, म्हणजे देवळातले पारंपरिक संस्कृत नाट्य, विसाव्या शतकाच्या मध्यास पैंकुळम् राम चाक्यार आदींनी देवळाबाहेर आणले. १९६५ पासून ते केरळ कलामंडलम् येथे शिकवले जाऊ लागले. मराठीत १८४३ चे सांगलीचे ‘सीतास्वयंवर’ परिचित आहेच. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात माणसांची एक रांग डुलत उभी असते. तीच पडदा होते, तीच भिंत आणि तीच जमाव, आणि पाठ फिरवली की तिच्यामागे काय चालले आहे ते दडते. खेळे, दशावतार, कीर्तन यांचा येथे सजावटीपलीकडे उपयोग झाला. संगीत नाटक अकादमीने १९८४ पासून लोकपरंपरेवर आधारलेल्या प्रयोगांना अर्थसाहाय्य दिले, त्यांतील पुष्कळ प्रयोगांविषयी तसे म्हणता येत नाही. हबीब तन्वीर यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील नटांनाच त्यांच्या बोलीसह मंचावर आणले, शहरी नटांना लोकनृत्य शिकवण्यापेक्षा तो मार्ग अधिक खडतर होता.

पश्चिम आशियात इराणचा ‘ताझिये’ हा शोकनाट्यप्रकार व तुर्कस्तानचे ‘कारागोझ’ हे छायानाट्य प्रमुख होत. कंबोडियात १९७५–७९ या ख्मेर रूज राजवटीच्या काळात दरबारी नृत्यनाट्यातील बहुतेक कलावंत मृत्युमुखी पडले. वाचलेल्या मोजक्या गुरूंच्या आठवणीवर पुढचे शिक्षण पुन्हा सुरू झाले.